व्हिसेरा राखून ठेवल्यानंतर

मृत्यूचे कारण शवविच्छेदनाच्या टेबलावर निश्चित होत नाही, तेव्हा वैद्यकीय अधिकारी आपले मत राखून ठेवतात, आणि मराठी वृत्तपत्रांतील अकस्मात मृत्यूची बातमी ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ या वाक्याने संपते. वाचकापुरते प्रकरण तेथे मिटते. तपासाच्या दृष्टीने मात्र एका लांब प्रवासाला तेथून सुरुवात होते. व्हिसेरा म्हणजे मृताच्या शरीरातून काढलेले अवयवांचे भाग: जठर व त्यातील ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, साधारण अर्धा किलो यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग आणि वेगळ्या कुपीत रक्त. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात, म्हणजे तळाशी मीठ न विरघळता उरावे इतक्या खारट पाण्यात, बुडवून बरण्या लाखेने सीलबंद करतात, आणि पोलीस हवालदार त्या मुद्देमाल म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीवर नेऊन देतो.

महाराष्ट्रात या खिडक्यांमागे जी संस्था आहे तिचे मुख्यालय मुंबईत सांताक्रूझ पूर्वेस कलिना येथे असून, गृह विभागाच्या अखत्यारीतील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय या नावाने ती ओळखली जाते. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर व नांदेड येथे तिच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिच्या छताखाली डीएनए, शस्त्रे व काडतुसे, सायबर, ध्वनी, अमली पदार्थ असे अनेक विभाग नांदत असले, आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांनी त्यांतील झगमगीत विभागच प्रेक्षकांच्या मनावर ठसवले असले, तरी संस्थेचे मूळ विषशास्त्रातच आहे. कोर्टकचेरीत आजही तिच्या अहवालाला ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, ते ‘केमिकल अॅनलायझर’ या जुन्या सरकारी पदाच्या आद्याक्षरांवरून. कलिना येथील प्रयोगशाळा १९५८ ची असली, तरी मुंबई सरकारचा रासायनिक विश्लेषक त्याआधी कितीतरी वर्षे काम करीत होता.

या विश्लेषकाचे नाव देशभर गाजले ते बडोद्याच्या प्रकरणात. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सरबताचे एकदोन घोट घेऊन उरलेले फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ तपासणीस पाठवला. मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांना त्यात सोमल आणि काच किंवा हिरा यांची बारीक पूड आढळली. हा विषप्रयोग करवल्याचा आरोप असलेले बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात तीन इंग्रज सभासदांनी त्यांना दोषी मानले, तर शिंदे सरकार, जयपूरचे महाराज व दिनकरराव राजवाडे या तीन हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मतभेद गाळाबद्दल मुळीच नव्हता. सोमल होता हे सर्वांना मान्य होते. तो कोणाच्या सांगण्यावरून आला याचे उत्तर मात्र कोणत्याही परीक्षानळीत मिळण्यासारखे नव्हते. सरकारने शेवटी १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन महाराजांना पदच्युत केले.

विषशास्त्र विभागातील विश्लेषकाचे दैनंदिन काम रहस्यकथेपेक्षा स्वयंपाकघराच्या अधिक जवळचे आहे, आणि त्याला लागणारी चिकाटी पाहता ते आदरास पात्र आहे. यकृताचा तुकडा प्रथम बारीक वाटला जातो. त्यातून विष बाहेर काढणे, म्हणजे निष्कर्षण, हीच खरी अडचण असते, कारण अर्धा किलो प्रथिने व चरबी यांच्यात शोधायचा पदार्थ कधी काही मिलिग्रॅम, तर कधी त्याहूनही कमी असतो. धोतरा, कुचला, अफू यांतील वनस्पतिजन्य अल्कलॉइडांसाठी बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ स्टास यांनी १८५० च्या सुमारास, निकोटीनने झालेल्या एका खुनाच्या तपासात, जी रीत शोधली तिचेच तत्त्व आजही वापरात आहे: ऊतक आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये मुरवायचे, गाळून अल्कोहोल उडवायचे, मग द्रावण आधी आम्लधर्मी व नंतर अल्कधर्मी करून प्रत्येक वेळी ते ईथर किंवा क्लोरोफॉर्मबरोबर हलवायचे, म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाची विषे वेगवेगळ्या टप्प्यांवर त्या द्रवात उतरतात. कीटकनाशकांसाठी रीत थोडी निराळी असून, हेक्झेनसारख्या द्रवाने ती थेट ओढून घेता येतात.

त्यानंतर येते ती काचपट्टी, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. वीस सेंटिमीटर लांबीरुंदीच्या काचेवर सिलिका जेल या पांढऱ्या भुकटीचा पाव मिलिमीटर जाडीचा थर देऊन ती भट्टीत तापवतात, आणि खालच्या कडेपासून थोडे वर केशनळीने निष्कर्षाचा ठिपका ठेवतात. त्याच्या शेजारी, त्याच रेषेत, ओळखीच्या विषांचे शुद्ध नमुने ठिपक्यांच्या रूपाने बसतात. पट्टी मग झाकणाच्या काचपात्रात उभी केली, की तळाशी असलेला हेक्झेन व अॅसिटोन यांचा द्रव थरातून वर चढू लागतो, आणि टिपकागदावर शाईचे रंग फाकावेत तसे ठिपक्यातील पदार्थ आपापल्या वेगाने विलग होतात. द्रव १० सेंटिमीटर चढला असताना पदार्थ ४ सेंटिमीटर चढला असेल, तर त्याचे गुणोत्तर ०.४ झाले. या टप्प्यावर पट्टी बहुधा कोरीच दिसते. पॅलॅडियम क्लोराइडचा फवारा मारल्यावर गंधकयुक्त ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे पिवळसर ठिपके उमटतात, आणि मृताच्या यकृतातून निघालेला ठिपका शुद्ध नमुन्याच्या ठिपक्याशी एका उंचीवर येतो किंवा येत नाही.

अनुभवाचे मोल येथेच कळते. चरबी पुरती निघालेली नसेल तर ठिपका लांबून त्याला शेपूट फुटते, कुजलेल्या अवयवांतून अल्कलॉइडांसारखी वागणारी द्रव्ये निघून नवख्याला चकवतात, आणि दोन अगदी निराळे पदार्थही एकाच उंचीवर थांबू शकतात. म्हणून विश्लेषक द्रव बदलून पट्टी पुन्हा चालवतो, फवारा बदलून पाहतो, आणि अखेर जीसी-एमएस या यंत्राकडे वळतो, ज्यात तीस मीटर लांबीच्या केसासारख्या नळीतून वायुरूप नमुना जातो व बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाचे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तुकडे करून त्यांच्या वस्तुमानांचा नकाशा संग्रहातील नकाशांशी ताडला जातो. हे यंत्र संशयाला फारशी जागा ठेवत नाही, हे खरे. पण त्यात काय घालायचे हे ठरवणारा माणूस काचपट्टी वाचायला शिकलेला असावा लागतो, आणि स्वस्त, विजेवाचून चालणारी ही पट्टी अजूनही कालबाह्य झालेली नाही.

एवढ्या खटाटोपानंतर अहवालात उतरतात त्या दोनतीन ओळी, आणि विष सापडले नाही तर सामान्य व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत विष आढळले नाही असे एक साचेबद्ध वाक्य. या वाक्याचा अर्थ विष नव्हतेच असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात स्पष्ट केले तो पुण्याचा होता. लक्ष्मीबाई कर्वे यांचा नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईच्या रुग्णालयात मृत्यू झाला, शवविच्छेदन उशिरा झाले आणि रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात विष मिळाले नाही. तरीही पुण्याहून मुंबईला त्यांच्याबरोबर प्रवास करणारे डॉ. अनंत चिंतामण लागू यांचे आधीचे व नंतरचे वर्तन, विशेषतः मृत्यूनंतर त्यांनी बाईंची मालमत्ता हडप केल्याचे पुरावे, पाहून न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये दोन विरुद्ध एक मताने फाशी कायम केली. याच्या नेमके उलट १९८४ च्या सारडा खटल्यात घडले. तोही पुण्याचाच; सायनाइडने मृत्यू झाला याविषयी वाद नव्हता, परंतु खून की आत्महत्या हा संशय फिटला नाही आणि आरोपी निर्दोष सुटला. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी या चारही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, असे त्या निकालाने सांगितले. त्या चारांपैकी प्रयोगशाळा बोलू शकते ती फक्त एकीविषयी. विश्लेषकाची प्रतिष्ठा या मर्यादेतच आहे, आणि जो विश्लेषक साक्षीच्या पिंजऱ्यात सरकारी वकिलाच्या आग्रहाला न जुमानता तिच्या आत राहतो तोच न्यायाच्या उपयोगाचा.

मात्र ती एक गोष्ट तरी प्रयोगशाळेला सांगता यावी, अशी व्यवस्था आहे काय? मिठाऐवजी फॉर्मालिनमध्ये ठेवलेला अवयव घट्ट होतो व त्यातून विष काढणे दुष्कर होते. रक्तात सोडियम फ्लोराइड घातले नाही, तर जंतूंच्या क्रियेने त्यात अल्कोहोल तयारही होते आणि असलेले नाहीसेही होते, आणि कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा अर्थहीन ठरते. धान्यात ठेवायच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बरणी पडून राहिली तर निसटतो. सर्वांत अधिक नुकसान होते ते बरणीसोबतच्या अर्ध्या कोऱ्या कागदाने. कीटकनाशकाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला डॉक्टर अॅट्रोपिनची इंजेक्शने देतात, आणि अॅट्रोपिन हेच धोतऱ्यातील विषांपैकी एक आहे. उपचारांची नोंद पाठवलेली नसेल, तर व्हिसेऱ्यात सापडलेल्या अॅट्रोपिनचा अर्थ विश्लेषकाने काय लावावा?

मग विलंबाचा प्रश्न. रिक्त पदे, कंत्राटी नेमणुका आणि साचलेले मुद्देमाल यांची चर्चा विधिमंडळात व न्यायालयांत वारंवार होते, परंतु विलंबाचा भार कोणावर पडतो हे त्या चर्चेत क्वचित उमटते. अहवालाअभावी कोणी कच्चा कैदी म्हणून तुरुंगात राहतो, कोणी मोकळा फिरतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. एरवी असे मृत्यू एकेकटे होतात, आणि शेतकरी अपघाताच्या सानुग्रह अनुदानासाठी विषबाधेच्या प्रकरणात रासायनिक विश्लेषणाचा अहवाल जोडावा लागत असल्याने विधवेचा प्रस्ताव त्या दोन ओळींसाठी तालुक्याच्या कार्यालयात अडून राहतो. मृत्यू अपघाती की आत्महत्या हे तर त्या ओळी सांगतही नाहीत.

यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने मोठी भर घातली आहे. तिच्या कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावयाचे असून, ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हेतू निर्विवाद चांगला आहे. पण घटनास्थळांवरून येणाऱ्या प्रत्येक नव्या नमुन्याला अखेर त्याच प्रयोगशाळांतील टेबलावर जागा लागणार, आणि पोलीस ज्या गृह विभागाला उत्तरदायी आहेत त्याच विभागाकडून विश्लेषकाचे पगार, पदे व यंत्रे मंजूर होत राहणार; तपास करणारा आणि तपासणारा एकाच घरचे असावेत काय, हा जुना प्रश्न नव्या संहितेने तसाच ठेवला आहे. निधी आला की आधी कोट्यवधींची यंत्रे घेतली जातात, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. त्याऐवजी पहिला खर्च ग्रामीण रुग्णालयांच्या शवविच्छेदनगृहांवर व्हावा: स्वच्छ बरण्या, पुरेसे मीठ, फ्लोराइडच्या कुप्या आणि उपचारांचा तपशील भरल्याशिवाय बरणी न स्वीकारण्याचा सक्त नियम.