क्षेत्रफळाआधी हद्द

महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार ज्या गुंठ्यात बोलला जातो, तो गुंठा म्हणजे एका लोखंडी साखळीचा वर्ग आहे. जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीखात्याने ३३ फुटांची साखळी प्रमाण मानली आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा चौरसाला, म्हणजे १,०८९ चौरस फुटांना, एक गुंठा धरले. असे ४० गुंठे मिळून एकर होतो. ही साखळी मुळात इंग्लंडातली. एडमंड गुंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली होती आणि अशा दहा चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होत असल्यामुळे, गणिताची फारशी गोडी नसलेल्या मोजणीदारालाही केवळ दशांशचिन्ह सरकवून एकर काढता येत असे. मुंबई इलाख्याने ती साखळी निम्मी केली आणि तिचे शंभराऐवजी सोळा भाग पाडले. या प्रत्येक भागाला नावही मिळाले ते ‘आणा’ असेच. रुपयाचे सोळा आणे, साखळीचे सोळा आणे, गुंठ्याचे सोळा आणे आणि अव्वल प्रतीची जमीनही सोळा आणे, असा हा सगळा हिशेब एकाच पाढ्यावर बसवलेला होता.

अर्थात दख्खनेत जमीन मोजली जाण्याची ती पहिली वेळ नव्हती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने जमिनीची पाहणी करून धारा, म्हणजे शेतसारा, ठरवला होता, आणि शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीत पाच हात पाच मुठी लांबीची काठी वापरली गेली. वीस काठ्यांच्या चौरसाचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असे ते कोष्टक होते. मात्र प्रत्येक शेताला क्रमांक देऊन त्याची आकृती कागदावर उतरवण्याचे काम इंग्रजी अमदानीत झाले, आणि तेही पहिल्या फटक्यात साधले नाही. रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी १८२७ ते १८३० या काळात केलेल्या पाहणीत उत्पन्नाचे अंदाज फुगलेले निघाले, आकारणी जड झाली आणि शेते ओस पडू लागली. त्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा सुरुवात केली. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर पाडावा आणि एकदा ठरलेला आकार, म्हणजे सारा, ३० वर्षे बदलू नये, ही त्यांच्या पद्धतीची दोन ठळक अंगे होती. बैलजोडीच्या या मापामुळेच अनेक लहान खातेदारांची शेते एका नंबरात कोंबली गेली, आणि आज कज्जेदलालीला ज्यांचा आधार मिळतो ते ‘पोटहिस्से’ तिथूनच निर्माण झाले.

त्या काळातील मोजणीची रीत समजून घेतल्याखेरीज आजचे वाद समजत नाहीत. मराठीत तिला ‘शंकू-साखळी’ पद्धत म्हणतात. शेताच्या लांबीच्या अंगाने एक सरळ रेषा साखळीने मोजत न्यायची, तिला ‘पाया’ म्हणायचे. बांध जिथे वळतो तिथल्या प्रत्येक कोपऱ्यासमोर पाया-रेषेवर शंकू, म्हणजे काटकोन पाडण्याचे साधे दांडकेवजा उपकरण, उभे करायचे आणि कोपऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे ‘लंब’, मोजायचे. ही अंतरे ज्या कच्च्या आकृतीवर लिहीत तिला ‘टिपण’ म्हणतात. टिपणावरून शेताचे त्रिकोण व चौकोन सुटे करून, पाया आणि लंब यांचा गुणाकार करून क्षेत्र काढले जाई आणि तो हिशेब ज्या वहीत लिहीत तिचे नावच ‘गुणाकार बुक’ पडले. तिथले क्षेत्र आकारबंदात, म्हणजे प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि आकार नोंदणाऱ्या तक्त्यात, गेले आणि आकारबंदातून आजच्या सातबाऱ्यावर आले. म्हणजे सातबाऱ्यावरचा आकडा हा मोजणीच्या साखळीतला शेवटचा दुवा आहे, पहिला नव्हे.

या रीतीत चूक किती होऊ शकते, याचा हिशेब करणे अवघड नाही. एक आणा म्हणजे जवळजवळ २५ इंच. दहा साखळ्या लांबीचा, म्हणजे ३३० फुटांचा, बांध एकाच बाजूला एका आण्याने सरकलेला धरला तर दहा आणे क्षेत्र इकडचे तिकडे होते. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. नांगराच्या फाळाने दरसाल चार बोटे बांध कोरत जाणाऱ्या शेजाऱ्याला एवढे अंतर कापायला काही फार वर्षे लागत नाहीत. शिवाय साखळी वापराने ताणली जाते, उन्हात लांबते, चढावर आडवी धरावी लागते. ज्वारीच्या शेतीसाठी आणि धाऱ्यासाठी ही अचूकता पुरेशी होती. जी जमीन चौरस फुटाच्या भावाने विकली जाते, तिच्यासाठी ती पुरत नाही, आणि तरीही हद्दीचा मूळ पुरावा तोच आहे.

इथे भूमापन या व्यवसायाच्या गाभ्याला हात घालावा लागतो. ‘सातबाऱ्यावर दोन एकर आहेत, जागेवर भरत नाहीत, ते भरून द्या’ ही मोजणीच्या अर्जामागची नेहमीची अपेक्षा असते; पण क्षेत्र भरून देणे हे मोजणीदाराचे काम नसून पूर्वीच्या मोजणीदाराने आखलेली रेषा जमिनीवर पुन्हा सापडवणे हे त्याचे काम आहे. जगभरच्या हद्दीविषयक कायद्यांत हा विचार वेगवेगळ्या शब्दांत आढळतो आणि अमेरिकेतील न्यायालयांनी तर पुराव्यांची उतरंडच लावून दिली आहे. नदी, खडक अशा नैसर्गिक खुणा सर्वांत वर. त्यानंतर माणसाने रोवलेले दगड व खुंट्या. मग शेजारच्या मिळकतींच्या हद्दी. मग दिशा आणि अंतरे. आणि क्षेत्रफळ सर्वांच्या तळाशी. एकोणिसाव्या शतकात मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर असलेले न्यायमूर्ती टॉमस कूली यांनी मोजणीदाराच्या न्यायिक कर्तव्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. मूळ खुंटी जिथे ‘असायला हवी होती’ ती जागा मोजणीदाराने शोधू नये, ती प्रत्यक्षात जिथे होती ती जागा शोधावी, अशी त्यांची भूमिका होती. जुन्या मोजणीत चूक असली तरी तिच्या भरवशावर लोकांनी घरे बांधली, कुंपणे घातली आणि पिढ्या काढल्या. ती चूक ‘सुधारणे’ म्हणजे सगळ्या आळीची हद्द हलवणे होय. महाराष्ट्रातल्या मोजणीच्या तक्रारी वाचणाऱ्याला हा विचार फार जवळचा वाटेल.

जमीन एकच असली तरी तिची नोंद ठेवण्याच्या रीती देशोदेशी निराळ्या आहेत. प्रत्येक मिळकतीचा नकाशा आणि नोंद यांची जोडलेली व्यवस्था युरोपात ‘कॅडस्टर’ या नावाने ओळखली जाते; नेपोलियनच्या फ्रान्सने १८०७ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८१७ मध्ये कर आकारण्यासाठी तिचा पाया घातला. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून रॉबर्ट टॉरेन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली, जिच्यात सरकारी नोंदवहीतले नाव हाच मालकीचा अंतिम पुरावा ठरतो. भारतात तसे नाही: सातबारा हा महसुली अभिलेख असून त्यावरून मालकीचे केवळ अनुमान निघते, आणि विरुद्ध पुरावा आल्यास ते अनुमान मोडते. मोजणी करणाऱ्याचा दर्जाही असाच बदलता आहे. फ्रान्समधला ‘जेओमेत्र’ परवानाधारक स्वतंत्र व्यावसायिक असतो, नेदरलँड्समध्ये हे काम राष्ट्रीय संस्था करते, महाराष्ट्रात ते मुख्यतः भूमि अभिलेख विभागाच्या भूकरमापकाकडे आहे. ब्रिटनमध्ये तर ‘सर्व्हेअर’ या एकाच शब्दात जमीन मोजणारा, मिळकतीचे मूल्य ठरवणारा आणि बांधकामाच्या खर्चाचा हिशेब करणारा असे तिघे मावतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाची नेहमी फसगत होते.

अशा विविध रीतींच्या लोकांना एकत्र आणणारी संस्था १८७८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, इटली, स्पेन आणि स्वित्झर्लंड या सात देशांतील संघटनांनी स्थापलेला हा आंतरराष्ट्रीय भूमापक महासंघ त्याच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘फिग’ म्हणून ओळखला जातो. शंभराहून अधिक देशांतील संघटना आज त्याच्याशी जोडलेल्या आहेत, दर चार वर्षांनी त्याचे मोठे अधिवेशन भरते आणि मधल्या वर्षांत कार्यसप्ताह होतात. या व्यवसायातली माणसे मुळातच एकटी काम करणारी, रानावनात दगड हुडकणारी; त्यांनी एकमेकांशी बोलण्याची एवढी व्यवस्था उभारावी, याचे कारण प्रत्येक देशात कायदा वेगळा असला तरी बांधावरचा पेच तोच असतो, हे असावे.

या समुदायात अगदी आरंभापासून दोन कुळे आहेत आणि त्यांची फारकत भारतात विशेष ठळकपणे दिसते. एक कूळ शेतांची हद्द मोजणाऱ्यांचे, दुसरे पृथ्वीचा आकार मोजणाऱ्यांचे. दुसऱ्या शास्त्राला भूगणित म्हणतात. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट टॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे दुर्बीणयुक्त यंत्र, डोंगरमाथ्यांवर आणि मंदिरांच्या शिखरांवर चढवत त्यांची माणसे उत्तरेकडे सरकत राहिली. सर्वेक्षण हैदराबादच्या पुढे आले असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले आणि त्यांची कबर तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलेल्या या कामाने पृथ्वीचा पृष्ठभाग किती वाकलेला आहे हे काटेकोरपणे सांगितले. पण त्याच देशातली शेतांची टिपणे या त्रिकोणांच्या जाळ्याला बांधली गेली नाहीत. प्रत्येक गाव स्वतःपुरते मोजले गेले. परिणामी शेजारच्या दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढतात.

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरवणाऱ्या यंत्रांनी आता ही दोन्ही कुळे एकत्र आणली आहेत. भूमि अभिलेख कार्यालयांत ‘रोव्हर’ नावाने ओळखले जाणारे हे यंत्र, कायम उभ्या असलेल्या संदर्भ केंद्रांकडून दुरुस्तीचे संकेत घेत, काही सेंटिमीटरच्या फरकाने अक्षांश-रेखांश देते. मोबाइल फोनचे स्थान कित्येक मीटरने चुकते, त्यामुळे फोनवरून बांध ठरवू पाहणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे नकाशे तयार होत आहेत. तरीही अक्षांश-रेखांश मिळाले म्हणजे हद्द मिळाली असे होत नाही, कारण आकडा आणि जमीन हे दोन्ही स्थिर नसतात. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत असल्याने त्या देशाला आपली जुनी, १९९४ ची निर्देशांक-चौकट टाकून २०२० ची नवी चौकट घ्यावी लागली, आणि त्या एका बदलात साऱ्या देशाचे आकडे सुमारे १.८ मीटरने सरकले. कुणाचे कुंपण मात्र जागचे हलले नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये २०१० आणि २०११ च्या भूकंपांनी याच्या उलट घडवले: तिथे जमीनच ओढली गेली, कागदावरची मापे आणि रस्त्याकडेची कुंपणे जुळेनाशी झाली. अखेर २०१६ मध्ये खास कायदा करून, त्या भूकंपांत जमीन सरकली तशी हद्दही तिच्यासोबत सरकली असे मानण्यात आले. त्याच वर्षी फिगचा कार्यसप्ताह क्राइस्टचर्चमध्येच भरला होता.

अचूकतेच्या या हव्यासाला व्यवसायातूनच एक प्रतिवाद उभा राहिला आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांकडे जमिनीचा नोंदणीकृत हक्क नाही, आणि प्रत्येक कोपरा सेंटिमीटरपर्यंत मोजत बसले तर हे काम कित्येक पिढ्या पुरे होणार नाही. म्हणून फिग आणि जागतिक बँक यांनी २०१४ मध्ये ‘गरजेपुरती अचूकता’ या विचाराचा पुरस्कार केला. रवांडामध्ये त्याआधीच, २००९ पासूनच्या अवघ्या काही वर्षांत, हवाई छायाचित्रांच्या मोठ्या छापील प्रतींवर शेजाऱ्यांना समोरासमोर उभे करून बांध दाखवायला लावले आणि गावातल्याच प्रशिक्षित तरुणांकरवी त्या रेषा आखून घेतल्या. अशा तऱ्हेने सुमारे एक कोटी तुकडे नोंदले गेले. त्या रेषा मीटरभर इकडेतिकडे असतील. दोन्ही शेजाऱ्यांनी त्या मान्य केल्या आहेत, ही त्यांची जमेची बाजू.

महाराष्ट्रातल्या हद्द कायम मोजणीतही शेवटी बांधावर हाच प्रसंग उभा राहतो. लगतच्या खातेदारांना आधी नोटिसा जातात, ठरल्या दिवशी भूकरमापक रोव्हर घेऊन येतो आणि तरीही त्याचे पहिले काम दीडशे वर्षांपूर्वीच्या टिपणाची प्रत उघडून त्यातले हद्दीचे दगड जागेवर कुठे सापडतात ते पाहण्याचे असते. एखादा दगड बाभळीच्या बुंध्यात गाडलेला मिळतो, एखादा विहिरीच्या कठड्यात चिणलेला असतो. मग अभिलेखाप्रमाणे निघणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द अशा दोन निराळ्या रेषा तो नकाशावर दाखवतो आणि तो नकाशा ‘क’ प्रत म्हणून अर्जदाराला मिळतो. दोन रेषांमधली पट्टी कोणाची, हे त्या प्रतीवर लिहिलेले नसते. ते दिवाणी न्यायालयाचे काम आहे.