साध्या पीसीवर मॅकओएस: ऐकीव काय, खरं काय

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून जुळवलेल्या पीसीवरही ॲपलची मॅकओएस ही प्रणाली चालू शकते. अशा पीसीला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. जवळजवळ वीस वर्षं ही हौस जगभर चालू आहे. व्हिडिओ एडिटर, संगीतकार, प्रोग्रामर, विद्यार्थी असे नाना तऱ्हेचे लोक तिच्या नादी लागले. तिच्याबद्दल कानावर येणारी माहिती मात्र बहुतेक वेळा अर्धवट असते. कुणाला ही करामत वाटते, कुणाला चोरी, तर कुणाला पाच मिनिटांचं काम.

यातल्या बऱ्याच गैरसमजांचं मूळ एकच आहे. विंडोज कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर चालावी म्हणून बनवलेली असते. मॅकओएस बनते ती फक्त ॲपलने स्वतः विकलेल्या यंत्रांसाठी. त्यामुळे तिच्यात ड्रायव्हर असतात ते ॲपलने कधी ना कधी वापरलेल्या भागांचे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

गैरसमज १: मॅक आतून पीसीपेक्षा वेगळाच असतो.

वस्तुस्थिती: २००६ ते २०२० या काळातल्या मॅकबद्दल हे खरं नाही. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेत असल्याचं जाहीर केलं. डेव्हलपरांना सरावासाठी जी यंत्रं भाड्याने दिली गेली, त्यांत साध्या पीसीत असतो तसा पेन्टियम ४ होता. त्या यंत्रांसाठीची प्रणाली बाहेर फुटली आणि जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेल मॅक यायच्या आतच लोकांनी ती घरच्या पीसीवर चालवून पाहिली. पुढची चौदा-पंधरा वर्षं मॅकमध्ये तेच इंटेलचे प्रोसेसर आणि त्याच कंपन्यांच्या ग्राफिक्स चिप होत्या. ॲपलने २००६ मध्येच बूट कॅम्प आणून मॅकवर विंडोज चालवायची सोयही करून दिली.

खरा अडसर होता तो मॅकमधल्या एसएमसी नावाच्या छोट्या चिपचा. मॅकओएसचे काही कळीचे प्रोग्राम सांकेतिक रूपात साठवलेले असतात आणि ते उलगडायची किल्ली या चिपकडून मागून घेतली जाते. ती मागणाऱ्या फाइलचं नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असं आहे. हॅकिंटॉशमध्ये या चिपचं सोंग एक छोटा प्रोग्राम वठवतो. पूर्वी त्यासाठी फेकएसएमसी वापरत, आता व्हर्च्युअलएसएमसी वापरतात.

गैरसमज २: पेनड्राइव्ह लावा, नेक्स्ट-नेक्स्ट करा, झालं.

वस्तुस्थिती: इन्स्टॉलेशन हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम त्याच्या आधीचं असतं आणि ते बूटलोडर करतो. सुरुवातीच्या काळात कॅमेलियन होता, मग क्लोव्हर आला, आणि आता ओपनकोर सर्रास वापरतात. पीसी सुरू झाला की मॅकओएसच्या आधी ओपनकोर जागा होतो. ‘हे यंत्र म्हणजे २०१९ चा आयमॅक आहे’ किंवा ‘मॅक प्रो आहे’ असं तो प्रणालीला सांगतो, मदरबोर्डने दिलेल्या हार्डवेअरच्या तक्त्यांमध्ये दुरुस्त्या करतो आणि आवाज, नेटवर्क, ग्राफिक्स यांसाठी लागणारे पूरक ड्रायव्हर स्मृतीत चढवतो. हे सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहावं लागतं. त्यातला एक पर्याय चुकला तरी स्क्रीनवर ओळी धावतात आणि मध्येच गोठतात.

किती बारीक गोष्टीत अडकायला होतं, याचं उदाहरण म्हणजे यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मोजते. त्यातही प्रत्येक यूएसबी ३ पोर्ट दोन धरला जातो, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. मोठ्या मदरबोर्डवर ही मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. मग कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट बंद पडतो, ब्लूटूथ दिसेनासं होतं किंवा यंत्र झोपायला पाठवलं की लगेच जागं होतं. बाजारात सांगतात ‘मदरबोर्ड खराब’, पण खरा उपाय असतो कुठले पोर्ट ठेवायचे आणि कुठले सोडायचे याचा नकाशा बनवणं.

गैरसमज ३: जितका महाग पार्ट, तितका चांगला हॅकिंटॉश.

वस्तुस्थिती: पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे. एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०९० हे विंडोजवर जबरदस्त कार्ड आहे, पण मॅकओएसमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. एनव्हीडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर मॅकओएसच्या २०१७ च्या हाय सिएरा या आवृत्तीपर्यंतच मिळाले. त्याहून जुनी केप्लर कार्डं बिग सर या आवृत्तीपर्यंत तगली. आरटीएक्स मालिकेला तर कधीच ड्रायव्हर मिळाला नाही.

उलट एएमडीचं २०१७ चं आरएक्स ५८० हे स्वस्तातलं कार्ड वर्षानुवर्षं बिनघोर चालत आलं आहे. त्यामागचं कारण सरळ आहे. २०१९ च्या मॅक प्रोमध्ये ॲपलने रेडिऑन प्रो ५८०एक्स बसवलं होतं, म्हणून त्या घराण्याचा ड्रायव्हर प्रणालीतच आहे. २०२१ मध्ये मॅक प्रोसाठी रेडिऑन प्रो डब्ल्यू६८००एक्स आलं आणि आरएक्स ६८०० घेणाऱ्यांची सोय झाली. त्यानंतरची आरएक्स ७००० मालिका कुठल्याही मॅकमध्ये गेली नाही, म्हणून ती इथेही चालत नाही.

प्रोसेसरलाही हाच नियम लागू आहे. मॅकमध्ये गेलेली इंटेलची शेवटची पिढी दहावी. बाराव्या-तेराव्या पिढीचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा असल्याचं भासवून चालवता येतो, पण त्यातलं अंगचं ग्राफिक्स मात्र निरुपयोगी ठरतं. म्हणून पार्ट घेताना वेगाच्या आकड्यांपेक्षा ‘हा भाग कुठल्या मॅकमध्ये होता?’ हा प्रश्न आधी विचारावा.

गैरसमज ४: एएमडीच्या प्रोसेसरवर मॅकओएस चालूच शकत नाही.

वस्तुस्थिती: ॲपलने एएमडीचा प्रोसेसर कुठल्याही मॅकमध्ये कधी घातला नाही, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. तरीही रायझनवर मॅकओएस चालते, कारण तिच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, स्रोत ॲपल जाहीर करते आणि तो वाचून जाणकारांनी दुरुस्त्या तयार केल्या आहेत. ओपनकोर सुरू होतानाच त्या कर्नलवर लावतो. मर्यादा मात्र खऱ्या आहेत. ॲपलची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा इंटेलच्या सोयींवर बेतलेली असल्याने तिच्यावर अवलंबून असलेली डॉकरसारखी सॉफ्टवेअर रायझनवर अडतात. इंटेलसाठी खास लिहिलेल्या प्रोग्रामलाही अधूनमधून ठेच लागते. प्रोग्रामिंगचं काम असेल तर याचा आधीच विचार केलेला बरा.

गैरसमज ५: कुणाची तरी तयार इमेज किंवा बूटलोडरचा ईएफआय फोल्डर उतरवून घेतला की त्रास वाचतो.

वस्तुस्थिती: त्रास पुढे ढकलला जातो, आणि वर धोका वाढतो. तयार इमेजमध्ये कुणी काय घातलं आहे, हे कळायला मार्ग नसतो. अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकणं शहाणपणाचं नाही. मूळ इन्स्टॉलर ॲपलच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मिळतो, त्यामुळे बाहेरची इमेज घ्यायची गरजही नाही.

दुसऱ्याचा ईएफआय फोल्डर वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. मदरबोर्डचं मॉडेल, बायॉसची आवृत्ती, आवाजाची चिप, नेटवर्कची चिप यांपैकी काहीही वेगळं असेल तर त्याची मांडणी तुमच्याकडे चालेलच असं नाही. शिवाय त्या फोल्डरमध्ये मूळ मालकाने वापरलेला अनुक्रमांक असतो. तोच क्रमांक दोन यंत्रांवर दिसला की आयमेसेज आणि फेसटाइमचं लॉगइन अडू शकतं.

गैरसमज ६: मॅकओएस फुकट आहे, म्हणजे ती कुठेही बसवणं कायदेशीर आहे.

वस्तुस्थिती: २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून प्रणालीला पैसे पडत नाहीत हे खरं, पण तिचा परवाना ‘ॲपलचं नाव असलेल्या’ संगणकापुरताच आहे. पीसीवर ती बसवणं हा त्या अटीचा भंग आहे. विंडोजच्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली तरी यातून सुटका होत नाही. परवाना व्हर्च्युअल मशीनमध्ये जादा दोन प्रतींना मुभा देतो, पण तीही मॅकवरच.

या बाबतीतला गाजलेला खटला फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीचा. २००८ मध्ये तिने मॅक ओएस एक्स घातलेले पीसी विकायला सुरुवात केली. प्रत्येक यंत्राबरोबर ती विकत घेतलेली प्रतही देत असे. पैसे मोजले आहेत, मग तक्रार कसली, असा तिचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिला. कॉपीराइटचा भंग तर झालाच, शिवाय संरक्षणाचं कुलूप ओलांडण्याविरुद्धचा कायदाही मोडला, असं त्यांनी म्हटलं. २०११ मध्ये अपिलातही ॲपलचीच सरशी झाली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

ॲपलने दुसऱ्यांना कधीच परवानगी दिली नाही, हेही पुरतं खरं नाही. १९९५ पासून पॉवर कम्प्युटिंग, यूमॅक्स, मोटोरोला अशा कंपन्या रीतसर परवाना घेऊन मॅकचे जोडभाऊ विकत होत्या. १९९७ मध्ये जॉब्ज परत आले आणि ते दुकान बंद झालं. कारण या जोडभावांमुळे ॲपलचीच गिऱ्हाइकं पळत होती.

भारतात संगणक प्रोग्रामला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. त्यामुळे ‘मॅकओएस टाकून देतो’ म्हणून पीसी विकणारा दुकानदार घरी खटपट करणाऱ्या हौशी माणसापेक्षा कितीतरी जास्त जोखीम घेतो. मोबदला घेऊन हे काम करू नये. ऑफिसच्या हिशेबात दाखवायच्या यंत्रावर तर मुळीच नको.

गैरसमज ७: एकदा बसवलं की अपडेट करायचंच नाही.

वस्तुस्थिती: हा सल्ला जुन्या काळातला आहे. तेव्हा दुरुस्त्या थेट प्रणालीच्या फाइलींत केल्या जात आणि अपडेट आलं की त्या पुसल्या जात. ओपनकोरच्या पद्धतीत प्रणालीला हात न लावता सगळं तिच्याबाहेर ठेवता येतं. त्यामुळे छोटी अपडेट बहुधा सुखरूप पार पडतात. अपडेट अजिबात न करणं उलट वाईट, कारण सुरक्षेची भोकं तशीच उघडी राहतात.

सावध राहायचं ते मोठ्या आवृत्तीच्या वेळी. २०२३ च्या सोनोमामध्ये ॲपलने जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. एअरड्रॉप चालावं म्हणून ज्यांनी मुद्दाम तीच कार्डं शोधून बसवली होती, त्यांचं वायफाय एका अपडेटसरशी गेलं. ॲपलच्या दृष्टीने यात काही वावगं नव्हतं, कारण ते कार्ड असलेले मॅकच यादीतून बाद झाले होते. म्हणून मोठं अपडेट करण्याआधी टाइम मशीनचा बॅकअप घ्यावा आणि चालू असलेला ईएफआय फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावा.

गैरसमज ८: इंटेल गेलं तरी लोक काहीतरी वाट काढतीलच.

वस्तुस्थिती: या वेळी ती आशा धरण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप असलेले मॅक आले आणि मॅक व पीसी यांच्यातलं साम्य संपलं. जून २०२३ मध्ये इंटेलचा शेवटचा मॅक प्रोही विक्रीतून गेला. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की मॅकओएस २६ म्हणजे टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. तीही इंटेलच्या चारच मॉडेलांवर चालते: २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टचा १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. त्यापुढची आवृत्ती फक्त ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी आहे.

‘एम१ हा एआरएम आहे ना, मग स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपवर का नाही?’ असं विचारलं जातं. प्रोसेसरची आज्ञावली सारखी असणं पुरेसं नसतं. ग्राफिक्स, इंटरप्ट सांभाळणारा कंट्रोलर, स्टोरेज, सुरक्षेची चिप हे सगळं ॲपलने स्वतः घडवून एकाच चिपमध्ये बसवलं आहे आणि ते बाजारात सुटं मिळत नाही. इंटेलच्या काळात ॲपल बाजारातलेच भाग वापरत होती, म्हणून आपल्यालाही ते आणता येत होते. आता आणायला भागच नाहीत.

गैरसमज ९: काही झालं तरी हॅकिंटॉश स्वस्तच पडतो.

वस्तुस्थिती: एकेकाळी पडायचा. मॅक प्रोच्या किमतीत दोन-तीन तोडीस तोड पीसी उभे राहत आणि एडिटिंग स्टुडिओंना ते परवडायचं. २०२४ च्या अखेरीस एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह. एवढ्या पैशांत नवा प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, चालेल असं ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि पॉवर सप्लाय बसवायचा म्हटलं तर हात आखडताच घ्यावा लागतो. त्यात स्वतःचा वेळ मोजलेलाच नाही.

तेव्हा आज या वाटेला जायचं ते कुणी? घरात सहाव्या ते दहाव्या पिढीचा इंटेल पीसी पडून आहे, सोबत चालणारं एएमडीचं कार्ड आहे आणि संगणक सुरू होताना पडद्यामागे काय घडतं ते शिकायची आवड आहे, अशा माणसाने. बायॉस, हार्डवेअरचे तक्ते, ड्रायव्हर, कर्नल हे शब्द ज्याला फक्त पुस्तकात भेटले आहेत, त्याला ते इथे हाताळायला मिळतात. मात्र ते यंत्र शिकण्यापुरतंच ठेवावं आणि ज्यावर पोट अवलंबून आहे ते काम दुसऱ्या यंत्रावर करावं. फायनल कट किंवा लॉजिक रोज लागत असेल तर मॅक मिनी घ्यावा. आणि केवळ हॅकिंटॉशसाठी आज नवे पार्ट कुणी विकायला बसला, तर त्याला फक्त विचारावं की टाहोनंतर यावर काय चालणार.