शहर हलत नाही, हद्द हलते

आज कोराडीला येताना गाडी चालवणाऱ्या मुलाने मला विचारलं, "सर, नागपूर देशाच्या मधोमध आहे म्हणतात, मग मुंबई आपल्याला एवढी लांब कशी?" प्रश्न साधा आहे; पण आजचा विषय तोच आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून मुंबई रेल्वेने ८०० किलोमीटरहून जास्त. रायपूर सुमारे ३००, भोपाळ ४००च्या आत, हैदराबाद ६००च्या आत. म्हणजे बघा, दुसऱ्या तीन राज्यांच्या राजधान्या आपल्या राजधानीपेक्षा जवळ! इथून सावनेरच्या रस्त्याने पुढे निघालात, तर थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. तिकडे सौंसर-पांढुर्ण्याला घराघरांत मराठी बोलतात.

हे नेहमीच असं नव्हतं. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. उत्तरेला जबलपूर, पूर्वेला रायपूर. पुढे १९०३ मध्ये पश्चिमेचा वऱ्हाड जोडला गेला. चहूकडून माणसं कामासाठी इथे येत. १९३६ पासून उच्च न्यायालयही इथेच होतं. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. जबलपूर-रायपूर एका राज्यात गेले, नागपूर दुसऱ्या. मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला बसलं, इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं. शहर जागचं हललं नाही. हद्द हलली आणि मधलं शहर कडेचं झालं.

आता थोडं तत्त्वज्ञान. वैशेषिकांनी दूरपणा आणि जवळपणा यांना परत्व-अपरत्व म्हटलं. ते गुणांत मोजले खरे, पण ते अपेक्षाबुद्धीतून उपजतात, असंही सांगितलं. म्हणजे कुठून तरी मोजणारा कुणी असल्याशिवाय 'लांब' काही नसतं. मुंबईच पाहा. ती तर राज्याच्या अगदी काठावर, समुद्राला टेकलेली. तिला कुणी 'लांबची' म्हणतं का? नाही, कारण मोजायला सुरुवात तिथून होते. शिवाय तिची कड समुद्राची. तिथून जहाजं आणि व्यापार आत आला. कड म्हणजे दुबळेपणा नव्हे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनाने दरवर्षी काही काळ नागपुरात यावं, असं ठरलं होतं. हिवाळी अधिवेशन त्यातूनच आलं. त्याचा अर्थ मी असा घेतो : वर्षातून थोडे दिवस तरी मोजपट्टीचं टोक इथे धरा.

कोराडीच्या चिमण्या तुम्हाला रोज दिसतात. वीज तारांवरून राज्यभर जाते, राख मात्र इथेच उरते. विजेला अंतर अडवत नाही. मग इथल्या माणसाच्या अर्जालाच ते का अडवावं? त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "बाबा, मुंबई लांब नाही. आपण तिथून मोजले जातो, म्हणून आपण लांब आहोत."