नकाशावर मोहल्ला नसेल तर खजिना कुठला?

खेळ हा पोराटोरांचा उद्योग, त्यात व्यापाऱ्याचे काय काम, असे बाजारात पुष्कळ जण म्हणतात. पण 'पोकेमॉन गो' हा मोबाईलवरचा शोधाशोधीचा खेळ कसा तयार झाला हे समजून घेतले, तर धंद्याचा एक धडा हाती लागतो.

अमेरिकेतील नायँटिक कंपनीने जुलै २०१६ मध्ये हा खेळ आणला. मोबाईल उपग्रहाच्या मदतीने खेळाडूची जागा ओळखतो आणि पडद्यावर आसपासच्या खऱ्या रस्त्यांचा नकाशा येतो. त्यावर जागोजागी खुणा असतात. खुणेपाशी पायी पोहोचले की खेळाचे साहित्य मिळते, वाटेत काल्पनिक प्राणी पकडायचे. काही ठिकाणी आखाडे आहेत. २०१७ पासून तेथे अनेकांनी जमून एखाद्या बलाढ्य प्राण्याला हरवण्याची सोय झाली.

आता साऱ्या जगात या खुणा मांडल्या कोणी? एका कचेरीत बसून हे होणारे काम नव्हते. कंपनीचा 'इनग्रेस' नावाचा खेळ २०१२ मध्ये आला होता. त्याच्या खेळाडूंनी आपापल्या गावातील पुतळे, जुन्या इमारती, भिंतीवरची चित्रे सुचवली. कंपनीचे प्रमुख जॉन हँकी यांनी २०१६ मध्ये सांगितले की, सुमारे दीड कोटी सूचना आल्या आणि त्यांतील सुमारे ५० लाख मंजूर झाल्या. नव्या खेळाला हाच नकाशा तयार मिळाला.

मेख इथेच आहे. सुचवणारे जिथे राहत, फिरत, तिथे खुणा दाट पडल्या. 'अर्बन इन्स्टिट्यूट'ने २०१६ मध्ये वॉशिंग्टन शहराची पाहणी केली. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५ खुणा निघाल्या, काळ्यांच्या वस्त्यांत १९. यासाठी कोणी मुद्दाम भेदभाव करण्याची गरज नव्हती. त्या वस्त्यांतून सुचवणारेच थोडे होते.

मोठ्या व्यापाऱ्यांनी मात्र संधी साधली. जपानमध्ये मॅकडोनल्ड्सची सुमारे तीन हजार दुकाने जुलै २०१६ मध्येच खेळात आली. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओशी करार झाला आणि रिलायन्स डिजिटलची निवडक दुकाने खुणा बनली. अशा दुकानांकडून कंपनी खेळाडूंच्या भेटी मोजून पैसे घेई. म्हणजे खरा माल होता तो दारात येणारा माणूस.

आम्ही आपल्या गल्ल्यांकडे पाहतो तेव्हा हाच प्रश्न पडतो. कारागिराच्या हातात हुन्नर आहे, मालात खोट नाही, पण बाहेरचे गिऱ्हाईक आज मोबाईलवर पत्ता शोधते. गुगलच्या नकाशावर दुकानाचे नाव, वेळ आणि फोन नोंदवण्यास एक पैसाही लागत नाही. घरातील शिकत्या मुलाला जवळ बसवून हे काम याच आठवड्यात उरकावे. आपली जागा आपण सांगितली नाही, तर ती दुसरा कोण सांगणार?