मोठ्या टायरमुळे बदलते गिअरचे गणित

चंदीगड परिसरात जीपला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची हौस बरीच आहे. मात्र त्यामुळे गिअरचे गणित बदलते. ३१ इंच व्यासाच्या जागी ३३ इंचांचा टायर बसविल्यास चाकाच्या एका फेरीत सुमारे साडेसहा टक्के अधिक अंतर कापले जाते. परिणामी, रस्त्यावर पोहोचणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटते.

काल्का ओलांडून शिमल्याच्या चढावर लागताच चालकाला खालचा गिअर लवकर टाकावा लागतो. स्वयंचलित गिअर वारंवार वरखाली होतात आणि त्यांचे तेल तापते. मुळात अचूक असलेला वेगमापक ६० दाखवितो, तेव्हा गाडी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने धावत असते. ब्रेकवरील भारही वाढतो.

डिफरन्शिअलचे गुणोत्तर त्याच प्रमाणात वाढविणे, उदाहरणार्थ ४.१० ऐवजी सुमारे ४.३६ करणे, हा यांत्रिक उपाय आहे. त्याने ओढ परत मिळते. कायद्याची अडचण मात्र सुटत नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे टायर बदलण्यापूर्वी उत्पादकाने मान्य केलेले माप पाहणे हिताचे ठरते.