विश्लेषण : पहलगामचा गोळीबार सिंधूच्या पाण्यापर्यंत कसा पोहोचला?

नौपाड्याहून ठाणे स्टेशन गाठले की डोंबिवली लोकलने अर्ध्या तासाच्या आत. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी ठार केलेल्या २६ जणांपैकी तिघे याच डोंबिवलीचे, एकमेकांचे नातलग. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्याच दिवशी दिल्लीत सिंधू जलवाटप करार स्थगित करण्याचा निर्णय झाला.

जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० मध्ये झालेला हा करार १९६५, १९७१ आणि कारगिल, अशा तीन युद्धांत टिकला होता. मेख इथेच आहे. हल्ला एका खोऱ्यात होतो. पण हल्लेखोरांचा पाठीराखा शेजारी देश आहे, असे सरकारने ठरवले की उत्तरही त्या देशालाच दिले जाते. खरे तर नळ बंद करावा तशी नदी बंद होत नाही, एवढे पाणी साठवणारी धरणेच भारताकडे नाहीत. तरीही पाणी अडवणे ही युद्धाची कृती मानू, असे पाकिस्तानने २४ एप्रिलला जाहीर केले आणि भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने लांबचा वळसा घेऊ लागली.

७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’. त्याच दिवशी ठाण्यासह देशभर नागरी संरक्षणाचे मॉकड्रिल झाले. मग ड्रोन, क्षेपणास्त्रे. दोन्ही देश अण्वस्त्रधारी, त्यामुळे वॉशिंग्टनहून फोन सुरू झाले. अमेरिकेने मध्यस्थीचा दावा केला, भारताने तो फेटाळला. १० मे रोजी सायंकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचे ठरले. करार मात्र त्यानंतरही स्थगितच राहिला.