मोपेडचा बेताचा वेग म्हणजे किती?

बीड तालुक्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. ‘धाकटी पंढरी’ म्हणून पंचक्रोशीत त्याची ओळख आहे. आषाढी एकादशीला गडावर मोठी गर्दी होते. कोणी पायी येतात, कोणी जीपने, तर कोणी मोपेडवर मागे घरच्या माणसाला बसवून. आषाढ म्हणजे पावसाचे दिवस. ओला रस्ता, चढउतार आणि पायी चालणारी माणसे, सारे एकाच वेळी. अशा रस्त्यावर मोपेड किती वेगाने चालवावी? ‘बेताने चालव’ असे घरातील वडीलधारे सांगतात. हा ‘बेत’ नववी-दहावीच्या गणिताने काढता येतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे वेगमर्यादा ठरवल्या जातात. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकींसाठी दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० कि.मी., तर नगरपालिका हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ताशी ६० कि.मी. ही कमाल मर्यादा आहे. जिथे कमी वेगाचा फलक लावला असेल, तिथे तो फलक पाळायचा.

पण मर्यादेच्या आत राहिले की झाले, असे कायदाही मानत नाही. कलम १८४ नुसार वाहन चालवणे धोकादायक होते की नाही, हे ठरवताना जागा कशी आहे, रस्त्याची स्थिती काय आहे आणि रहदारी किती आहे, हेही पाहिले जाते. म्हणजे फलकावरचा आकडा हे छत आहे. त्याच्या खाली नेमके कुठे राहायचे, हे चालकानेच ठरवायचे असते.

थांबायला किती अंतर लागते?

समोर अचानक शेळी आली असे समजा. डोळ्यांना ती दिसते, मेंदू निर्णय घेतो, मग बोटे ब्रेक दाबतात. यात साधारण एक सेकंद जातो आणि तेवढा वेळ गाडी पहिल्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरड्या, सपाट डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबले तर दर सेकंदाला वेग ५ मीटर/सेकंद इतका कमी होतो असे धरू. ब्रेक लागल्यावर कापलेले अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ऋण त्वरणाची दुप्पट. ढोबळ आकडे असे येतात (पहिला आकडा प्रतिक्रियेचे अंतर, दुसरा ब्रेकचे):

ताशी २० कि.मी. : ६ + ३ = ९ मीटर
ताशी ३० कि.मी. : ८ + ७ = १५ मीटर
ताशी ४० कि.मी. : ११ + १२ = २३ मीटर
ताशी ५० कि.मी. : १४ + १९ = ३३ मीटर
ताशी ६० कि.मी. : १७ + २८ = ४५ मीटर

वेग २० वरून ४० झाला, म्हणजे दुप्पट झाला. ब्रेकचे अंतर मात्र ३ वरून १२ मीटर, म्हणजे चौपट झाले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सारी ऊर्जा ब्रेकना घर्षणाने उष्णतेत बदलावी लागते, हे त्याचे कारण.

आता शेळी २४ मीटरवर आहे असे समजा. ताशी ४० ने येणारा तिच्या जेमतेम अलीकडे थांबेल. ताशी ५० ने येणारा शेळीपाशी पोहोचेल तेव्हाही त्याचा वेग ताशी सुमारे ३५ कि.मी. उरलेला असेल. आधी फरक होता फक्त १० चा. धडकेचा वेग मात्र १० नव्हे, ३५ आहे. विद्यार्थ्यांकडून हे गणित मुद्दाम करून घ्यावे.

उतार, चिखल आणि डबलसीट

दहा मीटरला एक मीटर असा उतार घेऊ. उतरताना गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध काम करते आणि ऋण त्वरणातून सुमारे १ वजा होतो. रस्ता ओला आणि वर चिखल असेल तर ५ ऐवजी २.५ च मिळतात असे धरू. उरले १.५. आता ताशी ४० ने उतरणाऱ्याला थांबायला २३ नव्हे, सुमारे ५२ मीटर लागतील. पुन्हा २३ मीटरमध्ये थांबायचे असेल तर वेग ताशी २५ वर आणावा लागेल. म्हणजे कोरड्या सपाटीवरचे ४० आणि ओल्या उतारावरचे २५ हे सुरक्षिततेच्या दृष्टीने एकच!

एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारेल, की सूत्रात वस्तुमान येतच नाही, मग मागे माणूस बसल्याने काय बिघडते? मोपेडचे ब्रेक लहान असतात आणि त्यांचे बल मर्यादित असते. तेच बल जास्त वस्तुमानावर लागले की ऋण त्वरण कमी होते. शिवाय लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले तर ड्रम तापतो आणि त्याची पकड सैल पडते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करावा.

रात्रीचा वेग

जुन्या मोपेडमध्ये इंजिन मंदावले की दिवाही मंदावतो. दिव्याच्या उजेडात २० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर कोरड्या सपाट रस्त्यावरही ताशी ३५ च्या पुढे जाणे म्हणजे न दिसणाऱ्या जागेत शिरणे होय. गाळप हंगामात रस्त्याकडेला बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी असू शकते. दिसते तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे, हा एकच नियम दिवसा, रात्री, वळणावर आणि पावसात सारखाच लागू पडतो.

वर्गात करण्याजोगे

१. एकाने ३० सें.मी.ची पट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी २० सें.मी. घसरली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२ सेकंद लागले. येथे विद्यार्थी तयारीत असतो. रस्त्यावर तो तयारीत नसतो, म्हणून वर एक सेकंद धरला आहे.

२. मैदानावर ९, १५, २३, ३३ आणि ४५ मीटरवर खुणा करून मुलांना त्या अंतरांवर उभे करावे. आकडे डोळ्यांना दिसले की लक्षात राहतात.

३. धडकेचा वेग उंचीत बदलून पाहावा. ताशी २० म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पडणे, ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. हेल्मेट कशासाठी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटी वयाची गोष्ट. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेल्या लुनाचे इंजिन ५० सी.सी.चे होते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सी.सी.पर्यंतच्याच दुचाकीसाठी. आज खेड्यापाड्यांत दिसणाऱ्या १०० सी.सी.च्या मोपेडला आणि गिअर नसलेल्या मोठ्या स्कूटरला अठरा वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक यांनाही तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दहावीच्या वर्गात गतीची समीकरणे शिकवताना ही माहितीही द्यावी. त्या वर्गातली काही मुले घरची मोपेड घेऊनच शाळेत आलेली असतात.